एमडीएफच्या शटरना ड्यूको मारायचाय: वळवाच्या दिवसांत गुळगुळीत आणि टिकाऊ फिनिश कसं आणावं?

रंकाळाकाठ

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

१८ मिमी एमडीएफची (लाकडाचे धागे दाबून केलेल्या फळीची) ६ शटर, म्हणजे कपाटाची दारं, आहेत, प्रत्येक ७ फूट बाय दीड फूट. त्यांना ड्यूको, म्हणजे गनने फवारायचा गुळगुळीत रंग, मारायचाय. रंग आयव्हरी, फुल ग्लॉस. सुताराने कापून दिली आहेत, अजून त्यावर काहीच लावलेलं नाही. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिला तीन बाजूंनी ताडपत्री बांधता येते. २ एचपीचा कॉम्प्रेसर आणि वरच्या कपाची स्प्रे गन आहे, नोझल १.४ मिमीचं. सध्या मेचा तिसरा आठवडा चालू आहे आणि चार वाजले की वळीव येतोय.

एनसी घ्यावा की पीयू? कडांचं काय करायचं? माल किती आणायचा? आणि आत्ताच उरकावं की दिवाळीनंतरवर ढकलावं?

---

रंधा

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. आत्ताच करा, पण रोज फक्त सकाळी साडेनऊ ते एक. मृग लागून पावसाने बैठक मारली की कोल्हापुरात पार ऑक्टोबरपर्यंत एनसीला सलग कोरडे दिवस मिळत नाहीत. घाई नसेल तर नोव्हेंबर ते मार्च हा सगळ्यात उत्तम काळ.

आता एनसी की पीयू. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. तो नुसता थिनर उडून सुकतो, आत कुठलीही रासायनिक क्रिया होत नाही. म्हणून रंगाचा नवीन हात (थर) जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, आणि पुढे ओरखडा पडला तरी तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. ५ ते १० मिनिटांत धूळ चिकटेनाशी होते. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात हार्डनर असतो, तो रंगाशी जोडला जाऊन पक्का होतो. ओरखडा, पाणी, स्पिरिट, तेलकट हात हे सगळं पीयू जास्त सोसतो. पण तो अर्धा तास ओला राहतो. ताडपत्रीच्या शेडमध्ये त्या अर्ध्या तासात धूळ बसते, आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी ट्यूब लावली की पाखरंही बसतात. बंद खोली, पंखा आणि फिल्टर नसेल तर पीयूचा टॉपकोट तुमच्या शेडमध्ये मारू नका.

माझं मत: खाली पीयू प्रायमर, वर एनसी रंग. एमडीएफ घट्ट बंद होतो, प्रायमर नंतर आक्रसून खाली बसत नाही, आणि वरचा रंग दुरुस्त करता येतो. याच्या उलट मात्र कधीही करू नका. एनसीवर पीयू मारला तर खालचा थर फुगून वरचा सुरकुततो, नाहीतर काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो.

---

फौंड्रीनाका

रंधाभाऊंशी बऱ्यापैकी सहमत. एक भर घालतो. एनसी उन्हाने पिवळा पडतो. आयव्हरीत ते खपून जातं, पण शुभ्र पांढरा हवा असता तर एनसी घेऊच नका असं सांगितलं असतं. शटर खिडकीसमोर येणार असतील तर दोन पाल्ल्यांवर ऊन आणि चारवर सावली, असा फरक दोन-तीन वर्षांत दिसायला लागेल.

दुसरं म्हणजे हँडलभोवती रोज केसाच्या तेलाचे, क्रीमचे हात लागतात. एनसी तिथे हळूहळू मऊ पडतो. हँडलची मागची पट्टी रुंद घ्या, म्हणजे बोटं रंगाला लागणारच नाहीत.

---

रंकाळाकाठ

म्हणजे पीयू प्रायमर आणि वर एनसी, हे पक्कं. रंधादादा, कडा आणि तयारी जरा सविस्तर सांगाल का?

---

रंधा

सांगतो. निम्मं फिनिश इथेच ठरतं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एमडीएफचा तुकडा उजेडात धरून कापलेली बाजू बघा. वरचा आणि खालचा दोन-अडीच मिलिमीटरचा थर गडद आणि टणक दिसतो, मधला भाग फिका आणि कापसासारखा असतो. रंग पितो तो हा मधला भाग. पाल्ल्याच्या तोंडावर, म्हणजे सपाट बाजूवर, दोन हातांत जे काम होतं, त्याला कडेवर चार हात लागतात. कडेवर पाण्याची कुठलीही पुट्टी लावायची नाही, धागे फुगतात आणि ते परत बसत नाहीत.

आधी सगळी भोकं पाडून घ्या. कपाच्या बिजागरीचा ३५ मिमीचा खड्डा, हँडलचे होल, सगळं. रंगानंतर ड्रिल लावला की भोकाच्या काठाचे टवके उडतात. शिवाय बिजागरीच्या खड्ड्याच्या आतही प्रायमरचा हात गेला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच ओल शिरते.

मग धार मोडायची. १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून चारही बाजूंच्या धारा २ मिमी गोल करा. टोकदार धारेवरून ओला रंग मागे सरकतो, पृष्ठताणामुळे तो धारेवर थांबतच नाही. म्हणून रंग पहिल्यांदा धारेवरच उडतो आणि खालचा तपकिरी एमडीएफ डोकावतो. टिकाऊपणाची सगळ्यात स्वस्त युक्ती हीच.

त्यानंतर कडा १८०, २४०, ३२० अशा क्रमाने घासा. मधला नंबर गाळू नका, १८० ची चर ३२० ने जात नाही, ती फक्त झाकली जाते आणि ग्लॉस मारल्यावर वर येते. कडांना पीयू सीलरचा (छिद्रं बंद करणाऱ्या द्रावणाचा) पहिला हात ब्रशने, थोडा पातळ करून, जिरेल तेवढा द्या. सुकल्यावर कडा बोटाला काट्यासारखी टोचेल, कारण उभे राहिलेले धागे आता कडक झालेले असतात. ३२० ने ते कापून काढा. परत सीलर, परत ३२०. तिसऱ्या हातानंतर नखाची पाठ कडेवरून फिरवा. तोंडावर आणि कडेवर नखाचा आवाज सारखाच आला की कड तयार झाली. कडेवर खसखस जास्त असेल तर अजून एक हात.

तोंडाला २४० आणि ३२० पुरेसं आहे. फॅक्टरीची चकाकी मोडली पाहिजे, जास्त खोल जायचं नाही. वरचा टणक थर फोडला तर तोंडही कडेसारखं पिणार.

स्क्रूचे खड्डे आणि टवके दोन भागांच्या पॉलिस्टर पुट्टीने भरा. १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर, फार तर ३. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर तो शिल्लक राहून वरच्या रंगात उतरतो आणि आयव्हरीत पिवळसर डाग उमटतो. तो डाग वरून रंग मारून झाकत नाही, खालपर्यंत खरवडून काढावा लागतो. एनसी पुट्टीने खोल खड्डा भरू नका. ती थिनर उडून सुकते, म्हणून आक्रसते. आज सपाट दिसलेला खड्डा महिन्याने बशीसारखा दिसेल. एनसी पुट्टी फक्त सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांसाठी, पत्तीने खरवडून लावायची.

---

घोटीव

दोन्ही बाजूंना सारखेच प्रायमरचे हात द्या, हेही यात लिहून ठेवा. ७ फुटी पाल्ला एका बाजूने बंद आणि मागून उघडा राहिला तर पावसाळ्यात मागची बाजू ओल पिते, फुगते आणि पाल्ला धनुष्यासारखा वाकतो. बिजागरी कितीही फिरवली तरी तो वाक निघत नाही.

---

रंधा

बरोबर. मागच्या बाजूला रंगाचे हात कमी चालतील, प्रायमर कमी चालणार नाही.

आता मालाचा हिशोब. एका पाल्ल्याची एक बाजू साडेदहा चौरस फूट. सहांची ६३, दोन्ही बाजूंची १२६, कडांचे ६ धरून १३२. म्हणजे साधारण सव्वाबारा चौरस मीटर.

१०० मायक्रॉन ओला थर बसवायचा तर सव्वाबारा चौरस मीटरला १.२ लिटर माल पृष्ठभागावर जाऊन चिकटला पाहिजे. साध्या गनने निम्मा माल हवेत जातो. म्हणून एका पूर्ण हाताला अडीच लिटर तयार मिश्रण धरा. पीयू प्रायमरचे दोन हात म्हणजे ५ लिटर, त्यात प्रायमर, हार्डनर आणि थिनर सगळं आलं. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच पाळायचं. कुणाचं दोनास एक असतं, कुणाचं चारास एक. एका कंपनीचा प्रायमर आणि दुसरीचा हार्डनर ही जोडी नको.

रंगाचे तोंडाला आणि कडांना ४ हात, मागे २. तोंडाच्या हाताला सव्वा लिटरच्या थोडं वर, मागच्या हाताला सव्वा लिटर. एकूण साडेसात लिटर पातळ केलेला रंग. एनसी रंग आणि थिनर समप्रमाणात जातं, म्हणून ४ लिटर रंग, आणि वर एक लिटरचा डबा जास्तीचा, त्याच बॅचचा. थिनर १० लिटर आणा, कारण गन धुवायलाच तीन-चार लिटर जातं. रंगाचे दोन्ही डबे आधी एका बादलीत एकत्र ओतून ढवळून घ्या. त्याच नंबरचे दोन डबेही कधीकधी एका छटेने वेगळे निघतात, आणि तो फरक नेमका शेजारच्या दोन पाल्ल्यांवर येतो.

समप्रमाणात पातळ केलेल्या एनसीत सुकल्यावर जेमतेम आठवा भाग उरतो. १०० मायक्रॉन ओल्याचे १२ मायक्रॉन कोरडे. चार हात म्हणजे ४८, त्यातले आठ-दहा घासण्यात आणि शेवटी चकाकीसाठी कंपाउंड फिरवण्यात जातात. म्हणून दोन हातांत ग्लॉस दिसला तरी थांबू नका. आणि आठ-दहा हातही देऊ नका, जाड एनसी दोन-तीन हिवाळ्यांनंतर काचेसारखा तडकतो.

---

आंबोलीघाट

थोडं अवांतर, पण नावावरून लोकांचा गोंधळ होतो म्हणून लिहितो. लॅकर हा शब्द लाखेवरून आला असला तरी एनसी लॅकरमध्ये लाखेचा काडीचाही संबंध नाही. लाख ही किड्यांपासून मिळते. सावंतवाडीचं लाखकाम हे खऱ्या लाखेचं: चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. फ्रेंच पॉलिशमध्ये लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो. आणि आपण ज्याला ड्यूको म्हणतो ते ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी काढलेल्या एनसी रंगाचं व्यापारी नाव. त्याआधी मोटारीचा रंग सुकवून पुरा व्हायला आठवडे जायचे, तो काही तासांवर आला, म्हणून अशा सगळ्याच रंगांना ते नाव पडलं.

दुकानात नुसतं "लॅकर द्या" म्हटलं तर क्लिअर मिळेल, कलर नाही. एनसी पिगमेंटेड किंवा ड्यूको ग्लॉस असं सांगा.

---

रंकाळाकाठ

हिशोब लिहून घेतला. आता गनचं सेटिंग आणि वळवाची भीती. पांढरं पडतं म्हणतात, ते नेमकं कशामुळे?

---

फौंड्रीनाका

पांढरं पडण्याचं मी सांगतो, गनचं रंधाभाऊ सांगतील.

थिनर झपाट्याने उडतो तेव्हा तो रंगाच्या पृष्ठभागातली उष्णता ओढून घेतो. हातावर थिनर सांडला की गार लागतं, तेच. ओल्या रंगाचं वरचं कातडं हवेपेक्षा काही अंश थंड होतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास असतो, म्हणजे पृष्ठभाग फक्त तीन अंश उतरला की त्यावर दव धरतं. ते पाणी ओल्या एनसीत शिरतं, नायट्रोसेल्युलोज द्रावणातून फाटून बाहेर पडतो आणि दुधी ढग दिसतो. तेच हवा ३२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल तर दवबिंदू १७ च्या आसपास, मग काही होत नाही.

म्हणून आर्द्रतामापक घ्या, छोटा डिजिटल, स्वस्तात मिळतो, आणि तो शेडमध्येच टांगा. ६५ टक्क्यांच्या खाली निर्धास्त मारा. ६५ ते ७५ मध्ये थिनरमध्ये रिटार्डर घाला, १ लिटर थिनरला ५० ते १०० मिली. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारं द्रावण, बहुधा ब्युटिल सेलोसॉल्व. तो सगळ्यात शेवटी उडतो, तोवर पाणी निघून गेलेलं असतं. ७५ च्या वर गन हातात घेऊ नका. रिटार्डर वाढवत गेलात तर रंग दोन दिवस मऊ राहील आणि ओघळेल.

वळीव पडून गेल्यावर गार वारा सुटतो, हवा छान वाटते आणि लोक हमखास गन घेतात. तीच सगळ्यात वाईट वेळ. जमीन, पत्रा, ताडपत्री सगळं वाफ सोडत असतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत थांबा, मापक बघा, मगच सुरू करा.

ढग आलाच तर घाबरू नका, घासूही नका. दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत निम्मं थिनर निम्मा रिटार्डर असं मिश्रण लांबून धुक्यासारखं एकदा मारा. वरचा थर परत विरघळतो, अडकलेलं पाणी निघतं आणि रंग उजळतो. पीयूला हा उपाय चालत नाही, एनसीचीच ही सोय.

---

घोटीव

पीयू प्रायमरलाही ओल मानवत नाही, बरं का. हार्डनर हवेतल्या पाण्याशी जुळून वायू सोडतो आणि प्रायमरमध्ये बारीक फोड येतात. हार्डनरचा डबा उघडा ठेवलात तर दुसऱ्या दिवशी त्याचा गोळा झालेला असेल. लागेल तेवढाच ओता आणि लगेच झाकण घट्ट लावा.

---

रंधा

आता गन.

२ एचपीचा कॉम्प्रेसर सात-आठ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. वरच्या कपाच्या बऱ्याच गन दहाच्या पुढे मागतात. म्हणून ७ फुटी पाल्ल्यावर वरून सुरुवात केली की खाली पोचेपर्यंत दाब पडतो, थेंब जाड होतात आणि खालच्या दोन फुटांवर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. लोक गनला दोष देतात. उपाय सोपा: पाल्ला लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) आडवा ठेवा, दीड फुटाच्या बाजूने आडवे फटके मारा आणि टाकीला दम घेऊ द्या. उद्यमनगरात ३ एचपीचा कॉम्प्रेसर भाड्याने मिळाला तर आणखी बरं.

वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्याच रूपात त्यातून निघून जातं आणि पाइपात थंड होऊन गनमधून थेंब टाकतं. मध्ये २०-२५ फूट पाइप जाऊ द्या आणि मग सेपरेटर. टाकीचं खालचं बूच रोज काम सुरू करण्याआधी उघडून पाणी काढा.

प्रायमरला १.८ चं नोझल, रंगाला तुमचं १.४ ठीक आहे. ट्रिगर दाबून धरल्यावर गनपाशी साध्या गनला ३५ ते ४० पीएसआय, एचव्हीएलपी (कमी दाबाची गन) असेल तर २५ ते ३०. रंग फोर्ड कप नंबर ४ मध्ये (पातळपणा मोजायचा भोकाचा पेला) १८ ते २० सेकंदांत गळेल एवढा ठेवा. कप नसेल तर ढवळलेली काठी वर उचला: धार सलग पडून मग थेंबांवर आली पाहिजे, पहिल्यापासून थेंब पडत असतील तर जास्त पातळ झालाय. आणि काहीही झालं तरी रंग गाळूनच कपात घाला.

आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. पंखा साधारण एक वीत लांब आणि दोन्ही टोकांना सारखा ओला पाहिजे. मध्ये जाड आणि टोकांना विरळ असेल तर दाब कमी आहे. मधोमध चिरल्यासारखा दोन भागांत फाटत असेल तर दाब जास्त किंवा रंग कमी.

अंतर ६ ते ८ इंच, मनगट न वळवता, सगळा हात खांद्यातून सरकवायचा. मनगट वळलं की टोकाला गन लांब जाते आणि तिथे रंग कोरडा पडतो. ट्रिगर पाल्ल्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा. प्रत्येक फटका आधीच्या फटक्याच्या निम्म्यावर चढवायचा. आधी चारही कडा, मग तोंड. प्रकाश समोरून तिरका येईल असं उभं राहा आणि मारलेल्या पट्टीकडे बघत पुढे जा: नुकती मारलेली पट्टी ओल्या काचेसारखी चमकली पाहिजे. दाणेदार दिसली तर जवळ या किंवा हात सावकाश चालवा. लाट हलताना दिसली तर तुम्ही फार हळू चाललाय, पुढचा क्षण ओघळाचा आहे.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बाराएकनंतर लई तापतं. थेंब हवेतच अर्धे सुकतात आणि पृष्ठभागावर खसखस बसते. पाल्ला हाताला गरम लागत असेल तर मारू नका. म्हणूनच वर साडेनऊ ते एक म्हटलं.

---

रंकाळाकाठ

हातांच्या मध्ये किती वेळ सोडायचा? आणि पाणी मारून घासायचं कधी?

---

रंधा

प्रायमरचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ, मग किमान एक रात्र. त्यानंतर गाईड कोट: काळा एनसी रंग भरपूर थिनर घालून लांबून नुसती पूड पडेल असा उडवा. पाल्ल्यावर काळी तीट पसरल्यासारखं दिसेल. आता ३२० चा कोरडा पेपर सपाट ठोकळ्याला लावून घासा. उंचवट्यावरची काळी पूड आधी जाते, खोलगटात राहते. ठिपके उरले तिथे खड्डा, रेघ उरली तिथे चर. काळं पूर्ण जाईपर्यंत घासा. मध्येच प्रायमर फाटून एमडीएफ दिसला तर थांबा, तिथे परत प्रायमर द्या. शेवट ४०० ने. ठोकळ्याशिवाय नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या चार पन्हाळी पडतात. त्या हाताला लागत नाहीत, ग्लॉसमध्ये मात्र ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नागमोडी दिसतं.

प्रायमर पाण्याने घासू नका. धारेवर कुठे फाटला तर तिथून पाणी आत जाऊन कड फुगेल.

रंगाचा पहिला हात हलका. १० ते १५ मिनिटांनी दुसरा, पूर्ण ओला. अर्ध्या तासाने तिसरा. त्या दिवशी तिथेच थांबा. एकाच दिवशी पाच हात दिले की वरचा थर झाकण होतो आणि खालचं थिनर अडकतं. एकतर टाचणीएवढे फोड येतात, नाहीतर आज आरसा दिसतो आणि तीन आठवड्यांनी थर बसून खालच्या पेपरच्या चरा उमटतात. दुसऱ्या दिवशी ६०० ने हलकं कोरडं घासून धूळ-दाणे काढा, टॅक क्लॉथने (धूळ टिपणाऱ्या चिकट फडक्याने) पुसा आणि चौथा हात द्या. या शेवटच्या हातात रंग थोडा जास्त पातळ, रंग चार भाग तर थिनर पाच भाग. पसरतो छान.

---

घोटीव

मासळीच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर ते सिलिकॉन किंवा तेल. शेडमध्ये गाडीचं पॉलिश, बिजागरीला मारायचा स्प्रे, डोक्याचं तेल यातलं काहीही उघडू नका. पुसायला दोन फडकी ठेवा: एक वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने ओलं, दुसरं कोरडं, आणि पहिल्याचा ओलावा उडायच्या आत दुसऱ्याने पुसा. नाहीतर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. हा नियम स्वयंपाकघरातली जुनी शटर रंगवणाऱ्यांनी तर पाठच करावा. फोडणीचं तेल वर्षानुवर्षं त्यात मुरलेलं असतं. आणि जुन्या ऑइल पेंटवर थेट एनसी मारू नका, थिनर त्याला उचलतो आणि साय आल्यासारखा सगळा रंग सुरकुततो.

---

गच्चीवरची

कुणी सुरक्षिततेबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते, आणि कळकळीने लिहिते.

एनसी थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. गच्चीवरून ती जिन्याने खाली घरात उतरते. खाली देवघरात समई, बाथरूममध्ये गॅस गिझर, स्वयंपाकघरात शेगडी. काम चालू असताना आणि नंतर निदान दोन तास हे सगळं बंद ठेवा आणि जिन्याचं दार लावून घ्या. शेडमध्ये डासांची बॅट नको, तिची एक ठिणगी पुरते. कॉम्प्रेसर ताडपत्रीच्या बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. साधा टेबलफॅन वाफ बाहेर फेकायला लावू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडू शकते. दोन बाजूंच्या ताडपत्र्या हातभर वर उचलून वारा खेळू द्या.

खाली पडलेली सुकी एनसी पूड लाकडी भुशापेक्षा कितीतरी झपाट्याने पेट घेते. रोज पाणी शिंपडून झाडून काढा, साठू देऊ नका. रंगाची फडकी कोंबून ठेवायची नाहीत, पाण्याच्या बादलीत टाकायची.

पीयू प्रायमरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि पुढे धुळीचा फिल्टर असलेला रबरी मास्क घ्या. दम्याचा त्रास असणाऱ्याने पीयू मारूच नये. लहान मुलं आणि घरातले वयस्कर त्या दिवशी दुसरीकडे असतील तर उत्तम.

---

रंकाळाकाठ

ताई, मनापासून आभार. गिझरचं डोक्यातच आलं नव्हतं. शेवटचा प्रश्न: कंपाउंड आणि बसवणं कधी?

---

फौंड्रीनाका

निदान ८ ते १० दिवस थांबा, पाऊस लागला तर १५. कडेच्या जवळ नाक नेऊन वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर आतून ओला आहे. मग मागच्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख दाबा, खूण राहता कामा नये.

१२०० चा वॉटर पेपर अर्धा तास पाण्यात भिजवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ रबरी ठोकळ्याला लावून सरळ रेषेत घासा. मग १५००, मग २०००. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेषा गेल्या की नाही ते दिसतं. सगळा पृष्ठभाग एकसारखा धुरकट झाला पाहिजे. चमकणारा ठिपका उरला तर तो खळगा. धारांना मास्किंग टेप लावा, तिथे रंग पातळ असतो आणि पेपरच्या चार फेऱ्यांत उडतो. प्रायमर आता बंद असला तरी पाणी थोडंच घ्या आणि बिजागरीच्या खड्ड्यात साचू देऊ नका.

मग रबिंग कंपाउंड, फोमचा पॅड, १२०० ते १५०० आरपीएम. एका जागी थांबायचं नाही, एनसी तापला की मऊ होऊन पॅडला चिकटतो आणि ओढला जातो. शेवटी बिनसिलिकॉनचं वॅक्स, म्हणजे पुढे कधी दुरुस्तीचा हात द्यायची वेळ आली तर मासळीचे डोळे येणार नाहीत.

---

रंधा

बिजागऱ्या कंपाउंडनंतर लावा, हँडल सगळ्यात शेवटी. उरलेल्या रंगातला पाव लिटर न पातळ करता काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा आणि डब्यावरचा शेड नंबर, बॅच नंबर त्यावर लिहून ठेवा.

आणि तोवर शटर एकावर एक रचू नका भावा. उभी करा, मध्ये दोन बोटांचं अंतर, टेकू फक्त मागच्या बाजूला. मध्ये वर्तमानपत्र किंवा बबल-प्लास्टिक तर अजिबात घालायचं नाही. ताज्या एनसीवर अक्षरं उलटी उमटतात आणि प्लास्टिकच्या फुग्यांचे गोल वळ उठतात. घालायचीच वेळ आली तर धुतलेली जुनी सुती चादर, तीही सैल.